उंच घरातील ऊन, वारा आणि पाणी

वर्तकनगरच्या कोणत्याही रस्त्याने आज चालत गेले, तर एका अंगाला गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतीतल्या तीन-चार मजल्यांच्या जुन्या इमारती आणि दुसऱ्या अंगाला, त्यांच्याच एखाद्या भावंडाच्या जागी उभे राहिलेले वीस-पंचवीस मजल्यांचे मनोरे, असा देखावा दिसतो. ज्या इमारती अजून उभ्या आहेत त्यांतील सोसायट्यांच्या सभांतून पुनर्विकासाची बोलणी चालू असतात. बोलण्याचे विषय ठरलेले असतात: चटईक्षेत्र किती वाढवून मिळणार, बांधकाम चालू असेपर्यंत भाडे किती, मोटारीला जागा मिळणार की नाही. निवृत्तिवेतनावर दिवस काढणाऱ्या जुन्या सभासदाच्या मनात मात्र आणखी एक प्रश्न असतो, आणि तो सभेत फारसा उच्चारला जात नाही. घर मोठे मिळेल, पण त्या घराचा दरमहाचा खर्च आपल्याला झेपेल काय, हा तो प्रश्न. घर मिळाले आणि खर्च झेपेना म्हणून ते भाड्याने देऊन दूर कोठेतरी राहावयास जाण्याची पाळी आली, तर मिळवले काय?

या प्रश्नाचे उत्तर देताना बहुतेकजण लिफ्ट आणि पंप यांकडे बोट दाखवतात. ते अगदीच गैर नाही. परंतु घरात गारवा कसा राहतो, आंघोळीचे पाणी कसे तापते आणि ते पाणी कोणत्या नळाने कोठून कोठे जाते, या तीन गोष्टी उंच घराच्या खर्चात फार मोठा वाटा उचलतात, आणि त्यांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. या तिन्हींचा निकाल कागदावर रेघा ओढल्या जात असतानाच लागून जातो. एकदा स्लॅब पडली, भिंती उभ्या राहिल्या, नळ भिंतीत गाडले गेले, की सभासदाच्या हाती बिल भरण्याखेरीज फारसे काही उरत नाही. म्हणून हा विषय सही करण्याआधी समजून घ्यावा, एवढ्याच हेतूने हे लेखन आहे. त्यात थोडे गणित येईल. पण ते चौथीच्या मुलाला करता येईल असे आहे.

परदेशी पुस्तकांत या शास्त्राचे पहिले प्रकरण घर तापवण्याचे असते. आमच्याकडे ते प्रकरण कोरे सोडावे लागेल. घर तापवण्याचे काम सूर्य वर्षातून आठ महिने न मागता करतो. आमच्याकडे तापवायचे ते आंघोळीचे पाणी, आणि गंमत अशी की त्याचा हिशेब आम्ही सर्वांत कमी ठेवतो.

मँचेस्टरचा मद्यनिर्माता जेम्स जूल याने १८४० च्या दशकात एक गोष्ट प्रयोगाने दाखवून दिली. पडणाऱ्या वजनाने पाणी घुसळले तर ते पाणी तापते, आणि किती वजन किती उंचीवरून पडले म्हणजे किती उष्णता निर्माण होते याचे प्रमाण ठरलेले आहे. आजच्या मापांत ते प्रमाण असे सांगता येईल: एक लिटर पाणी एका अंशाने तापवण्यास जेवढी शक्ती खर्च होते, तेवढ्याच शक्तीत तेच एक लिटर पाणी ४२७ मीटर उंच उचलता येते. ४२७ मीटर! वर्तकनगरातील कोणत्याही मनोऱ्याहून ही उंची कितीतरी अधिक आहे. पंप आणि मोटर मिळून निम्मी शक्ती वाया घालवतात असे धरले, तरी दोनशे मीटरच्या वर पाणी चढते, आणि ते केवळ एका अंशाच्या किमतीत.

आता एका घरचा हिशेब पाहू. चार माणसांचे कुटुंब, दरडोई १३५ लिटर पाणी हे आपल्याकडील नेहमीचे परिमाण, म्हणजे दिवसाला ५४० लिटर. ते ८० मीटर उंच चढवावयाचे, पंपाची कार्यक्षमता निम्मी. याला रोज पाव युनिटहून थोडी कमी, महिन्याला सुमारे ७ युनिट वीज लागते. जुन्या चार मजली इमारतीत हेच काम सव्वा युनिटात होत होते. म्हणजे खर्च पाचपट झाला हे खरे. पण पाचपट होऊनही तो सातच युनिट आहे. त्याच कुटुंबाला आंघोळीसाठी १०० लिटर कोमट पाणी लागते असे धरा, २६ अंशांवरून ४२ अंशांवर नेलेले. त्याला रोज १.८६ युनिट, गिझरच्या टाकीतून झिरपणारी उष्णता धरून दोन युनिट, महिन्याचे ६० युनिट. आणि उन्हाळ्यात एका खोलीतले वातानुकूलन यंत्र रात्रभर चालले, तर एका रात्रीत सहा-आठ युनिट सहज जातात, महिन्याचे दोनशे. सात, साठ आणि दोनशे, असा हा उतरता नव्हे, चढता जिना आहे.

सभेत भांडण होते ते सातांवरून. कारण उघड आहे. पंपाचे बिल सोसायटीच्या नावे येते, त्याची चर्चा सर्वांसमोर होते. गिझरचे आणि गारव्याचे बिल ज्याच्या त्याच्या दारात पडते, आणि ते जो तो मुकाट्याने भरतो. इमारतीचा आराखडा मात्र तिन्ही बिले ठरवत असतो.

पाणी तापवण्याचे शास्त्र आमच्या घरांना नवे नाही. तांब्याचा बंब ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याची रचना आठवेल: मधोमध विस्तवाची नळी आणि तिच्या भोवती पाणी. विस्तव पाण्याच्या पोटात असल्यामुळे त्याची धग बाहेर जाताना पाण्याला शिवूनच जाते. त्याहूनही शहाणी योजना म्हणजे चुलीचा वैल. मुख्य चुलीवर भाकरी होत असते आणि तिचीच उरलेली आच वैलावरच्या पातेल्यातील पाणी तापवते. त्यासाठी वेगळे सरपण कोणी घालत नाही. आजच्या घरात पाहा: शयनगृहातील यंत्र खोलीतली उष्णता काढून खिडकीबाहेर फेकत असते, आणि दहा फुटांवर न्हाणीघरात दुसरे यंत्र वीज जाळून तीच उष्णता नव्याने तयार करत असते. आजीने हे पाहिले असते, तर चूल पेटलेली असताना वैलावर काही न ठेवणाऱ्या सुनेला जे ऐकवले असते तेच आम्हांलाही ऐकवले असते. वातानुकूलनाची टाकाऊ उष्णता पाण्यात उतरवण्याची युक्ती हॉटेलांत आणि रुग्णालयांत वापरतात. घरगुती यंत्रांत ती अजून क्वचितच दिसते.

घरगुती पाण्यासाठी आपल्या भागात गाजलेला उपाय म्हणजे गच्चीवरची सौर उष्णजल यंत्रणा. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने २००७ पासून नव्या इमारतींना ती सक्तीची केली, आणि त्या शहरांतील गच्च्यांवर काळ्या पट्ट्यांच्या ओळी दिसू लागल्या. काम स्तुत्य होते. १०० लिटर पाणी साठ अंशांपर्यंत तापवण्यास साधारण दोन चौरस मीटरचा संग्राहक लागतो, आणि वर हिशेबात धरलेल्या कुटुंबाला त्याच्या निम्म्यात भागते. चार मजली इमारतीत सोळा घरे आणि वर मोकळी गच्ची. तेथे ही योजना ऐसपैस बसते. पंचवीस मजल्यांच्या मनोऱ्यात शंभर घरे, आणि गच्ची मात्र तीनशे-साडेतीनशे चौरस मीटरची. तिच्यावर पाण्याच्या टाक्या आहेत, लिफ्टची खोली आहे, जिन्याचे डोके आहे. मजले वाढतात तसा गच्चीतला प्रत्येकाचा वाटा आकसत जातो. तरी दाटीवाटीने का होईना, संग्राहक बसवता येतील. खरी अडचण पुढे आहे, आणि ती सूर्याची नसून नळाची आहे.

पंचवीस मिलिमीटर व्यासाच्या नळात मीटरमागे अर्धा लिटर पाणी मावते. गच्चीपासून दहा मजले खाली राहणाऱ्याच्या न्हाणीघरापर्यंत तीस मीटर नळ. म्हणजे पंधरा लिटर पाणी त्या नळात रात्रभर उभे राहून गार झालेले असते, आणि सकाळी सहाला उठणारा पहिला माणूस ते सारे मोरीत सोडून देतो तेव्हा कोठे ऊन पाणी हाती येते. एक बादली गरम पाण्यासाठी एक बादली थंड पाणी ओतून द्यायचे! चार दिवस असे करून पाहिल्यावर खालच्या मजल्यांवरचे लोक कंटाळतात, सौर नळाचा कॉक बंद करतात आणि गिझर लावतात. पुढे गच्चीवरच्या यंत्रणेची देखभालही कोणी पाहीनासे होते. दोष पट्ट्यांचा नसतो. गरम नळाला वेष्टन घातले, पाणी फिरते ठेवणारा परतीचा नळ आणि एक लहानसा पंप घड्याळावर लावला, तर पहाटे पाच ते आठ या वेळात सर्वांना तोटी उघडताच गरम पाणी मिळते. हा परतीचा नळ आराखड्यात असला तर थोडक्यात होतो; नंतर घालायचा म्हटले तर पंचवीस मजल्यांच्या भिंती फोडाव्या लागतात.

दुसरा मार्ग उष्णता-पंपाचा. नाव नवे वाटले तरी वस्तू ओळखीची आहे. शीतकपाट आतली उष्णता काढून पाठीमागच्या जाळीतून बाहेर टाकते. तेच यंत्र उलट उभे करा, बाहेरच्या हवेतली उष्णता काढा आणि पाण्यात सोडा. वीज खर्च होते ती उष्णता वाहून नेण्यापुरती, निर्माण करण्यासाठी नव्हे. म्हणून एका युनिटात तीन युनिटांची उष्णता मिळते, आणि ठाण्याच्या उबदार हवेत कधी त्याहून अधिक. वर सांगितलेले साठ युनिट वीसवर येतात. जुलै-ऑगस्टात सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाही तेव्हाही हे यंत्र नीट चालते, कारण पावसाळी दमट हवेत उष्णतेचा साठा भरपूर असतो. गच्चीवर विजेच्या सौर पट्ट्या आणि घरागणिक किंवा दोन-चार मजल्यांत मिळून एक उष्णता-पंप, अशी जोडी लावली तर जागा साधारण पाणी तापवणाऱ्या संग्राहकांइतकीच लागते. फरक एवढाच की तारेत थंड पाणी साचून राहत नाही. उंच इमारतीसाठी आमचा कौल या जोडीला आहे. तीन-चार मजली इमारतीत मात्र साधे सौर उष्णजलच बरे. ते स्वस्त, आणि बिघडण्यासारखे त्यात फारसे काही नाही.

दोन इशारे येथेच देऊन ठेवतो. सामाईक टाकीत पाणी साठवायचे असेल तर ते साठ अंशांच्या आसपास ठेवावे. कोमट पाण्यात 'लेजिओनेला' नावाचे जंतू वाढतात. १९७६ साली फिलाडेल्फियातील एका हॉटेलात उतरलेल्या माजी सैनिकांत जो जीवघेणा न्युमोनिया पसरला, त्याचा शोध घेताना हे जंतू प्रथम सापडले. आणि गॅसचा गिझर खिडकीला झरोका नसलेल्या न्हाणीघरात कधीही लावू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता पंपाकडे वळू. सात युनिट थोडे असले तरी शंभर घरांचे मिळून महिन्याला सातशे होतात, आणि त्यात उधळपट्टी करावयाचीच असली तर भरपूर वाव आहे. नेहमीची पद्धत अशी: सगळे पाणी जमिनीखालच्या टाकीतून थेट गच्चीवर न्यायचे आणि तेथून खाली सोडायचे. दहा मीटर पाण्याच्या उभ्या स्तंभाचा दाब चौरस सेंटिमीटरला एक किलो. ऐंशी मीटर खालच्या घरात तो आठ किलो होतो. तोटीला दोन-अडीच किलो पुरतात. आठ किलोने वॉशर फाटतात, नळ्या निसटतात. म्हणून खालच्या मजल्यांवर दाब मारणारे व्हॉल्व बसवतात. आधी वीज जाळून दाब तयार करायचा आणि मग पैसे खर्चून व्हॉल्वने तो मारायचा! मध्यावर एक टाकी ठेवून खालच्या अर्ध्या घरांना तेथूनच पाणी दिले, तर निम्मे पाणी निम्म्याच उंचीवर चढते आणि पंपाच्या कामात सरळ चवथाई बचत होते. मधली टाकी जागा खाते, ती विकता येत नाही; म्हणून बांधणाऱ्याला ती नकोशी असते. हे समजून घ्यावे आणि तरीही मागावी.

नळाच्या जाडीविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तेवढेच पाणी अर्ध्या व्यासाच्या नळातून ढकलायचे झाले तर घर्षणामुळे होणारी हानी दुप्पट किंवा चौपट होत नाही; ती सुमारे बत्तीसपट होते, कारण येथे व्यासाचा पाचवा घात लागतो. पन्नासऐवजी पासष्ट मिलिमीटरचा नळ घातला तर घर्षण पावपटीवर येते. १९९७ च्या सुमारास शांघाय येथे 'इंटरफेस' या गालिचे विणणाऱ्या कंपनीचा नवा कारखाना उभा राहत होता. तेथील यान स्किलहाम या अभियंत्याने पंपांच्या जुन्या आराखड्यात दोनच बदल केले. नळ जाड घेतले, आणि यंत्रे मांडून मग त्यांच्यामधून नळ वळवत नेण्याऐवजी आधी नळ सरळ व आखूड आखले आणि यंत्रे त्यांच्या टोकांना ठेवली. पंपांची आखलेली एकूण ताकद ९५ अश्वशक्तीवरून ७ अश्वशक्तीवर आली, अशी नोंद आहे. मनोऱ्यात एवढा चमत्कार होणार नाही, कारण तेथे मुख्य काम उंची चढण्याचे आणि घर्षण हे त्याच्या जोडीचे. पण आपल्याकडे नळकाम सर्वांत शेवटी, उरलेल्या जागेतून, वळणावर वळणे घेत केले जाते हे कोणीही प्लंबर सांगेल. न्हाणीघरे आणि स्वयंपाकघर एकाच उभ्या नळखांबाभोवती आखली, तर नळ आखूड होतात, गरम पाणी लवकर येते आणि पुढे गळती शोधायला सोपी जाते. त्यासाठी खर्च काहीच लागत नाही. फक्त वास्तुविशारद आणि प्लंबर यांनी आधी एकत्र बसावे लागते.

आणि न वापरलेले पाणी चढवावे लागत नाही, हेही ओघाने आलेच. १३५ लिटरांतले ४५ लिटर संडासात जातात असे परिमाण आहे. त्यासाठी न्हाणीघराचे सांडपाणी गाळून वापरायचे तर दुसरी वेगळी नळमालिका लागते, आणि तीही आधीच घालावी लागते. ठाण्याच्या नळाला येणारे पाणी आपल्या दारी पोचण्यापूर्वीच भातसा किंवा उल्हास नदीतून उपसलेले, शुद्ध केलेले आणि पुन्हा दाबाने ढकललेले असते. त्या विजेचे बिल आपल्याला दिसत नाही, इतकेच.

सर्वांत मोठा हिशेब गारव्याचा. वातानुकूलन यंत्र 'एक टनाचे', 'दीड टनाचे' असे आपण म्हणतो. पण हा टन यंत्राच्या वजनाचा नव्हे. तो बर्फाचा आहे. १८३० च्या दशकात मुंबईला बोस्टनहून जहाजाने बर्फ येत असे, आणि पुढे यंत्रे आली तेव्हा त्यांचे मापही बर्फातच ठरले. एक अमेरिकी टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढी उष्णता काढून घेणारे यंत्र ते एक टनाचे. आजच्या मापात साडेतीन किलोवॉट. हे माप लक्षात ठेवावे. लगेच उपयोगी पडेल.

ठाण्याची अडचण नुसत्या उन्हाची नाही, दमटपणाची आहे. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, तरी वाळ्याच्या ताट्या आणि पाण्याचे कूलर तेथे उत्तम काम देतात, कारण कोरडी हवा पाणी पिऊन गार होते. ठाण्यात पारा तेवढा चढत नाही, पण हवा आधीच पाणी पिऊन तृप्त असते. पावसाळ्यात माठातले पाणी गार होत नाही, त्याचे कारण हेच. कूलर लावला तर खोली गार होण्याऐवजी ओलसर होते. वातानुकूलन यंत्राला येथे दोन कामे करावी लागतात: हवा गार करणे आणि तिच्यातले पाणी पिळून काढणे. नळीतून बादलीत पडणारे पाणी हा त्या दुसऱ्या कामाचा पुरावा. त्यातल्या प्रत्येक लिटरमागे दोन-तृतीयांश युनिटाएवढी उष्णता यंत्राने उपसलेली असते. खिडकीच्या फटी नीट बसलेल्या नसल्या की दमट हवा आत येत राहते, बादली भरत राहते आणि मीटर फिरत राहतो.

पण यंत्र लावण्याआधी खोलीत ऊन येतेच का, हे पाहावे. मेमधील दुपारी चारला पश्चिमेच्या भिंतीवर चौरस मीटरमागे पाचशे वॉट किंवा त्याहून अधिक ऊन पडते. आजकालच्या मनोऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत काच लावण्याची हौस आहे. पाच चौरस मीटरची साधी काच पश्चिमेला असली, तर दोन किलोवॉट उष्णता आत येते. दोन किलोवॉट म्हणजे घरातला गिझर. तो गिझर दिवाणखान्यात चालू ठेवून त्याच खोलीत अर्ध्या टनाहून अधिक ताकदीचे यंत्र फक्त त्याला विझवण्यासाठी लावायचे, असा हा संसार आहे. वर्तकनगरच्या पश्चिमेस येऊरचे डोंगर आहेत, त्यामुळे मावळतीचे शेवटचे ऊन थोडे अडते. पण दुपारी दोन ते पाचचे कोण अडवणार? आणि आतल्या पडद्याने हे काम होत नाही. पडद्याला लागलेले ऊन काचेतून आत शिरून चुकलेले असते.

दक्षिणेचे तसे नाही. ठाणे १९ अंश अक्षांशाच्या थोडे वर आहे. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य येथे बरोबर डोक्यावर येतो. त्या दोन दिवसांच्या दरम्यान तो माध्यान्ही उत्तरेकडे असतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा उन्हाळ्यात पुरतो. पूर्व-पश्चिमेला छज्जाचा उपयोग थोडा, कारण तेथे ऊन तिरपे येते. तेथे खोल गॅलरी, उभ्या पट्ट्या, झडपा किंवा चिकाचे पडदे हवेत, आणि तेही काचेच्या बाहेर. उंच इमारतीला हे शोभत नाही असे कोणी म्हटल्यास मुंबईच्या कंबाला हिलवरील 'कांचनजंगा' इमारत दाखवावी. चार्ल्स कोरिया यांनी आखलेली ही अठ्ठावीस मजली इमारत १९८३ साली पूर्ण झाली. समुद्राचा वारा आणि देखावा पश्चिमेला, आणि ऊन व पावसाचा मारही तिकडूनच. कोरियांनी घरे त्या बाजूकडे उघडली, पण मध्ये खोल, दोन मजले उंचीच्या बागवजा गॅलऱ्या घातल्या. जुन्या बंगल्याच्या ओसरीचीच ती युक्ती. ती श्रीमंतांची इमारत आहे हे खरे. पण सावलीला श्रीमंती लागत नाही.

भिंतीविषयी मात्र आजच्या सभासदाने विशेष सावध असावे. पूर्वी काँक्रीटचा सांगाडा करून मध्ये विटा भरत. आता अनेक मनोऱ्यांत अॅल्युमिनियमचे साचे उभे करून, कारागीर ज्याला 'मायवान' म्हणतात त्या पद्धतीने, भिंतीही काँक्रीटच्याच ओततात. काम झपाट्याने होते, भिंत सरळ येते, गळती कमी. पण काँक्रीट उष्णतेला अडवत नाही. दीडशे मिलिमीटर काँक्रीटच्या भिंतीतून चौरस मीटरमागे, आतबाहेरच्या दर अंश फरकाला, सुमारे पावणेचार वॉट उष्णता आत येते. नऊ इंची विटेच्या भिंतीतून सव्वादोन. आणि दोनशे मिलिमीटरच्या हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या भिंतीतून एकाहून कमी. त्यात दुपारच्या उन्हाने तापलेली काँक्रीटची भिंत ती धग चार-पाच तासांनी आत सोडते, म्हणजे नेमकी निजायच्या वेळी. जुन्या वीटबांधणीच्या घरातून नव्या काँक्रीटच्या घरात गेलेली माणसे "पूर्वी नुसत्या पंख्यावर भागत होते" असे म्हणतात, ते केवळ आठवणींचे कौतुक नसते. काँक्रीटची भिंत टाळता येत नसेल तर निदान पश्चिमेची भिंत हलक्या ब्लॉकची घ्यावी, किंवा तिला बाहेरून वेष्टन आणि फिकट रंग द्यावा. फिकट रंग कोकणच्या पावसात दोन वर्षांत शेवाळतो, याचीही जाणीव ठेवावी.

या सर्वाला शासकीय आधार नाही असे नव्हे. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली निवासी इमारतींसाठी 'इको-निवास संहिता' प्रसिद्ध केली. भिंती व खिडक्यांतून मिळून आत येणारी उष्णता चौरस मीटरमागे सरासरी १५ वॉटहून अधिक नसावी, अशी तिची मर्यादा आहे. आमच्यासारख्या उष्ण-दमट प्रदेशासाठी तिने आणखी एक माप दिले आहे: उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या निदान एक-षष्ठांश असावे. येथे 'उघडता येणाऱ्या' या शब्दांवर बोट ठेवावे. सरकत्या खिडकीची एक काच दुसरीमागे जाते, म्हणून ती कधीही निम्म्याहून अधिक उघडत नाही. बिजागरीची खिडकी पुरी उघडते. आणि वारा आत येण्यास बाहेर जाण्याची वाट लागते. ज्या घराला एकाच बाजूस खिडक्या आहेत, त्यात वारा दारापर्यंत येऊन परततो. एका मजल्यावर आठ-आठ घरे कोंबली की बहुतेक घरांची हीच गत होते. जुन्या इमारतीत दारांवर झरोके असत. ते का असत हे आम्ही विसरलो.

आणखी एक लहान वाटणारी गोष्ट. वातानुकूलनाचे बाहेरचे पेटारे अरुंद चौकात एकावर एक लावण्याची पद्धत पडली आहे. खालच्या पेटाऱ्याची गरम हवा वरच्याच्या तोंडात जाते, त्याची त्याच्या वरच्याच्या. विसाव्या मजल्यावरचे यंत्र मग पस्तीस अंशांच्या हवेशी न झुंजता त्याहून कितीतरी तापलेल्या हवेशी झुंजत असते, आणि त्याचे बिल विसाव्या मजल्यावरचा माणूस भरतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बांधणारा खर्च करतो तो बांधण्यापुरता. बिले भरतो तो राहणारा. मधली टाकी, परतीचा नळ, हलक्या ब्लॉकची भिंत, खोल गॅलरी, यांतील प्रत्येक वस्तू बांधणाऱ्याला थोडी महाग आणि राहणाऱ्याला पुष्कळ स्वस्त पडते. त्याने ती आपण होऊन द्यावी ही अपेक्षा व्यर्थ आहे, आणि त्यात त्याला दुष्ट ठरवण्याचेही कारण नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली पुनर्विकासाची जी कार्यपद्धती शासनाने ३ जानेवारी २००९ रोजी घालून दिली आणि ४ जुलै २०१९ रोजी सुधारली, तिच्यात सोसायटीने आपला स्वतंत्र प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमावा अशी योजना आहे. सोसायट्या त्याच्याकडून चटईक्षेत्राचा हिशेब करवून घेतात. त्याच माणसाकडून पंचवीस वर्षांच्या पाणी-विजेचाही हिशेब मागता येतो, आणि निविदा काढताना त्या गोष्टी अटींत घालता येतात. करारावर सही झाल्यावर त्याच गोष्टी 'जादा काम' ठरतात.

अटी मोघम असू नयेत. 'उत्तम दर्जाचे नळकाम' या शब्दांना काही अर्थ नाही. कोणत्याही तोटीवर दाब अमुक ते अमुक किलोच्या दरम्यान असेल, सकाळी गरम नळ उघडल्यापासून अमुक सेकंदांत गरम पाणी येईल, पश्चिमेची भिंत अमुक जाडीच्या अमुक वस्तूची असेल, असे लिहावे. ताबा घेण्यापूर्वी हे तपासायला दाबमापक, घड्याळ आणि बादली एवढीच साधने पुरतात, आणि ही तपासणी सर्वांत वरच्या, मधल्या व सर्वांत खालच्या अशा तीन घरांत तरी करावी. शेवटी, भिंतीत नळ प्रत्यक्षात जसे गेले तसे दाखवणारे नकाशे सोसायटीच्या कपाटात आले पाहिजेत. मंजुरीसाठी दिलेले नकाशे वेगळे आणि गवंड्याने प्रत्यक्ष केलेले काम वेगळे असते. दहा वर्षांनी सतराव्या मजल्यावरची ओल अठराव्या मजल्यावरच्या कोणत्या सांध्यातून येते आहे हे शोधताना पहिल्या नकाशाचा काडीचाही उपयोग होत नाही.